एक ब्रास मुरूम आणि मातीतली माशी

चाकणच्या बाजारात ज्या दोन मालांचे ढीग लागतात, त्या कांद्याला आणि बटाट्याला मधमाशी लागत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण हल्ली मधमाशीचं नाव काढलं की शेतकऱ्याच्या गळ्यात काहीतरी मारायला माणसं टपलेली असतात. कांदा-बटाटा जमिनीत पोसतात, ऊस कांडीवर येतो, गहू-भात आपलं आपण निभावतात, ज्वारी-मक्याचं काम वारा करतो. तुमच्या सातबाऱ्यावर एवढीच पिकं असतील तर खिशात हात घालू नका.

मात्र त्याच कांद्याचं बी धरायचं म्हटलं की हिशेब बदलतो. दिवाळीच्या आसपास गोट लावले, पौष-माघात डेंगळे वर आले, पांढरे गोंडे फुटले. एका गोंड्यात शेकड्यांनी फुलं. प्रत्येक फुलात पराग आधी सुटतो आणि स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. त्यामुळे फुलाचा पराग त्याच फुलाच्या कामी येत नाही. कोणीतरी तो उचलून दुसऱ्या फुलावर नेऊन घालावा लागतो. हे काम किडे करतात. पेटीतली मधमाशीही करते, पण नाक मुरडत. कांद्याच्या मधुरसात पोटॅशियम जास्त असतं, ते तिला फारसं रुचत नाही. शेजारच्या रानात मोहरी किंवा कोथिंबीर फुललेली असली की ती सरळ तिकडे जाते, आणि पेट्यांचं भाडं मात्र तुमच्या वहीत पडतं.

बीजोत्पादनाबद्दल विचारायला आपल्याला लांब जायला नको. भीमेकाठी राजगुरुनगरला कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. १९९४ साली नाशिकला राष्ट्रीय केंद्र म्हणून ते सुरू झालं आणि १९९८ मध्ये इथे आलं. भीमा शक्ती, भीमा किरण, भीमा सुपर ही वाणं तिथलीच. तुम्ही घरच्या रानात बी धरत असाल, किंवा वांगी, टोमॅटो, काकडी, दोडका, कारली, तूर, सूर्यफूल यांतलं काही घेत असाल, तर पुढचं वाचा.

वांग्याचं आणि टोमॅटोचं प्रकरण थोडं वेगळं आहे. त्यांच्या परागकोशाला टोकाशी फक्त बारीक छिद्र असतं, मिठाच्या डबीसारखं. हलवल्याशिवाय पराग पडत नाही. वाऱ्याने थोडा पडतो. पेटीतल्या मधमाशीला ही डबी हलवता येत नाही. निळ्या पट्ट्यांची एक रानमाशी फुलाला लटकते, पंख मिटून छातीचे स्नायू थरथरवते, आणि पिवळी भुकटी तिच्या पोटावर उडते. जवळ उभे असाल तर आवाज ऐकू येतो. फोन व्हायब्रेटवर टेबलावर ठेवल्यासारखा, फक्त चढ्या सुरात. ही माशी राहते मातीत.

मातीत राहणाऱ्या माशा काही दुर्मिळ नाहीत. जगात मधमाशांच्या वीस हजार जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यांतल्या साधारण सत्तर टक्के जमिनीत बीळ करतात. बहुतेकींना पोळं नाही, राणी नाही, काढून खावा असा मध नाही. एक मादी, एक बीळ. बिळाच्या तळाशी ती लहान लहान कोठड्या करते, आतून पाणी लागू नये म्हणून स्वतःच्या अंगातल्या स्रावाचा लेप देते, परागाचा गोळा ठेवते, त्यावर एक अंडं घालते आणि तोंड बुजवते. राखायला घरदार नसल्यामुळे ती अंगावर येत नाही. कंपनीच्या शेडला किंवा पाण्याच्या टाकीला लटकणारं आग्या मोहोळ पाहून धास्तावलेल्यांनी हे लक्षात ठेवावं. एकाच भोकातून दहा-वीस जणी आत-बाहेर करत असतील तर मात्र ती बहुधा गांधील असते. तिच्या वाटेला जाऊ नका.

आता खर्च. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे आहे ते घर शोधणं. खर्च शून्य, वेळ एक सकाळ. ऊन अंगाला लागायला लागलं की, म्हणजे नऊ ते अकराच्या सुमारास, बांधावर, विहिरीच्या जुन्या भरावावर, पायवाटेच्या कडेला उकिडवे बसा. पेन्सिलीच्या शिशाएवढं किंवा करंगळीएवढं भोक आणि त्याभोवती बारीक मातीचा ढिगारा दिसेल. मुंग्यांचं वारूळ वाटतं, पण थोडं थांबलात तर एखादी माशी जमिनीलगत हेलकावे घेत येते आणि सुळकन आत जाते. पायाला पिवळा पराग लागलेला असेल तर शंकाच नको. अशी दहा-पंधरा भोकं एका जागी दिसली तर तुमच्याकडे वसाहत आहे. तिथे चार काठ्या रोवा, सुतळी बांधा आणि ट्रॅक्टरवाल्याला सांगून ठेवा. सुतळी आणि काठ्या धरून शंभर रुपये.

आमच्याकडे अशी जागा होती आणि ती मीच घालवली. जमीन सुधारायची म्हणून एका वर्षी बांधासकट सगळीकडे पाचटाचं आच्छादन केलं. चांगलं काम केल्याचं समाधान वर्षभर पुरलं. पुढच्या माघात बांधावर एकही भोक नव्हतं. आच्छादन पिकाला चांगलं, पण माशीला उघडी माती लागते. वीतभर पाचटाखालून तिला वाट सापडत नाही. मल्चिंग पेपरचंही तेच.

मग प्रायश्चित्त म्हणून ऑनलाइन एक लाकडी घरटं मागवलं. बांबूच्या नळ्या भरलेली सुबक पेटी, १,४५० रुपये. पहिल्या पावसाळ्यात कोळ्यांनी ताबा घेतला. दुसऱ्या वर्षी तीन-चार नळ्यांना पानांच्या तुकड्यांची बुचं बसलेली दिसली, म्हणजे पानं कापणारी माशी आली होती. तीही तुरीला उपयोगाची आहे, तिला नावं ठेवत नाही. पण मातीत राहणारीसाठी ही पेटी म्हणजे माशाला झाडावर घर. विकणाऱ्याने वर्णनात 'सर्व रानमाशांसाठी' असं लिहिलं होतं. तशी पेटी हवीच असेल तर घरच्या बांबूचे तुकडे करून सुतळीने बांधा, पैसे लागत नाहीत.

आता प्रत्यक्ष वाफा. पुढचे दर मी आमच्या भागातला अंदाज म्हणून धरले आहेत. तुमच्या गावचे घाला आणि गुणाकार करा. मजुरी दिवसाला ५०० रुपये धरली आहे. रोजगार हमीचा महाराष्ट्राचा २०२५-२६चा दर ३१२ रुपये आहे, पण चाकणच्या कंपन्यांचं फाटक दोन किलोमीटरवर असताना त्या पैशात खुरपं कोण हातात धरणार?

साधी रीत म्हणजे जागा खरवडणं. तुमची जमीन पोयट्याची किंवा बारीक मुरमाड असेल तर एवढंच पुरतं. निचरा होणारी, थोड्या उताराची, सकाळचं ऊन मिळणारी पन्नास चौरस फूट जागा निवडा. कुदळ-फावड्याने वरचं गवत मुळासकट काढा आणि माती उघडी ठेवा. एका माणसाचं अर्ध्या दिवसाचं काम, २५० रुपये. वर्षातून दोनदा, पावसाळा संपल्यावर आणि होळीच्या सुमारास, पुन्हा खुरपावं लागेल. तेही अर्धा-अर्धा दिवस धरा. म्हणजे पहिल्या वर्षी ७५०, नंतर वर्षाला ५००. घरचीच माणसं असतील तर चहा.

काळ्या मातीत हे जमत नाही. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात चिखल होतो, आणि दोन्हींत कोठड्या टिकत नाहीत. तिथे उंच वाफा बांधावा लागतो. दहा फूट लांब, पाच फूट रुंद, दोन फूट उंच, म्हणजे शंभर घनफूट. बरोबर एक ब्रास, साधारण एक ट्रॉली. आणून टाकलेल्या मुरमाला ३,००० रुपये धरले. पसरायला आणि भोवती चर काढायला दोन माणसं एक दिवस, १,०००. कडेला दगड लावायला अर्धा दिवस, २५०. दगड रानातलेच, ब्लॉक विकत आणू नका. वाफ्याभोवती पेरायला धने, तीळ, कारळ्याचं बी मिळून १००. एकूण ४,३५०. पाच वर्षांवर वाटलं तर वर्षाला ८७०, अधिक खुरपणीचे ५००. धरून चाला, वर्षाला १,३७०.

मुरूम घेताना रॉयल्टीची पावती मागा. गौण खनिजावर ब्रासमागे ६०० रुपये स्वामित्वधन आहे, आणि बेकायदा उत्खननाला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. ट्रॉलीवाला 'पावती कशाला, आपलाच माणूस' म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि दुसरा बघा. आपल्या पट्ट्यात रस्ते आणि कंपन्यांच्या भरावाला मुरमाची मागणी इतकी आहे की भाव महिन्याला हलतो. ठरवून, लिहून घ्या.

पण मुरूम विकत घेण्याआधी एकदा शेततळ्याकडे बघा. २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आली तेव्हा तळी झाली आणि काढलेल्या मातीचे भराव चारी बाजूंनी पडून राहिले. भरावाचा बाहेरचा उतार म्हणजे या माशांना तयार बंगला: निचरा आहे, ऊन आहे, नांगर फिरत नाही. उताराचा एक दहा फुटांचा पट्टा गवताखालून मोकळा करा आणि वर कागद किंवा जाळी टाकू नका. इथे खर्च परत अर्ध्या दिवसाच्या मजुरीवर येतो. नवं तळं खणायचं असेल तर जेसीबीवाल्याला तासाचे पैसे देतोच आहोत. काढलेल्या मातीतली वरची काळी एकीकडे आणि खालची मुरमाड दुसरीकडे टाकायला सांगा. त्याला त्याचे जास्त पैसे लागत नाहीत, फक्त आधी सांगावं लागतं.

माती कशी असावी, यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. मूठभर माती ओली करून तळहातावर सुरनळी वळा. बोटाएवढी बारीक होऊन चकलीसारखी गोल वळली, तरी तडकली नाही, तर ती जास्त चिकण आहे. गोळाच होत नसेल तर जास्त वाळूची, बीळ ढासळेल. वळी होते पण वाकवताना तडकते, ती आपल्या कामाची. मुरूम जाड असेल तर वरचा वीतभर थर चाळून घाला. रस्त्याच्या कामासारखी धुमुसाने ठोकून काढू नका. पायांनी तुडवा, बाकी पहिला पाऊस बसवेल. दोन फुटांचा वाफा दीड फुटांवर येतो, ते ठीक आहे.

दिशेबद्दल एक गोष्ट. परदेशी पुस्तकं सरसकट दक्षिणेकडे उतार करा म्हणतात. ती थंडीच्या देशांत लिहिलेली आहेत. वैशाखात आपल्याकडे दक्षिणेच्या उघड्या मुरमावर अनवाणी उभं राहून बघा. उतार पूर्वेला असावा, सकाळचं ऊन मिळावं, आणि दुपारनंतर एखाद्या बोरी-बाभळीची विरळ सावली आली तर चांगलंच. बाभळीचा आणखी एक उपयोग आहे. कोरडी भुसभुशीत माती दिसली की कोंबड्या तिथे लोळायला आणि उकरायला येतात. काटेरी फांदी आडवी टाकली की येत नाहीत. फुकटची राखण.

अंतर मात्र जपा. या माशा लहान असतात आणि लहान माशी घरापासून दोन-तीनशे मीटरच्या पलीकडे सहसा जात नाही. रानाच्या एका टोकाला वाफा आणि दुसऱ्या टोकाला कांद्याचे डेंगळे, असं करून उपयोग नाही. आणि पीक फुलावर नसताना तिला काहीतरी खायला लागतं. त्यासाठी पैसे टाकू नका. मुरमाड बांधावर आपोआप येणारा तरवड तोडू नका. त्याच्या पिवळ्या फुलांतही पराग डबीत बंद असतो, तो या माशाच काढतात. तुळस, सब्जा, बांधावर चार ओळी कारळा, विकायला उशीर झालेल्या कोथिंबिरीचा एक वाफा फुलू द्यायचा. बस.

जमीन अडकते त्याची किंमत किती? लोक हाच प्रश्न पहिल्यांदा विचारतात, आणि चाकण पट्ट्यात तो विचारणंही बरोबर आहे. इथे गुंठ्याचा भाव चहाच्या टपरीवर ठरतो. एकरात ४३,५६० चौरस फूट. पन्नास फुटांचा वाफा म्हणजे एकराचा ८७१वा भाग. एकरी एक लाखाचं पीक निघतं असं धरलं तर तुमचे ११५ रुपये गेले. वाफा बांधाला लागून केला तर तेवढेही नाहीत. बांधाचा खरा खर्च वेगळाच आहे: दर वर्षी शेजारच्या ट्रॅक्टरचा फाळ तो वीतभर कोरतो. बांधावरून भाऊबंदकी कोर्टात गेलेली आपण सर्वांनी पाहिली आहे. वाफा हद्दीच्या बांधावर करू नका, आपल्याच दोन तुकड्यांच्या मधल्या बांधावर करा.

औषधांचं सांगायला हवं, कारण वरचा सगळा खर्च तिथेच वाया जातो. फवारणी संध्याकाळी करणं हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. मातीतल्या माशीला तेवढ्याने भागत नाही, कारण ती मातीच खणते. ड्रिपमधून किंवा आळवणीने दिलेलं इमिडाक्लोप्रिड, थायमेथॉक्झाम हे तिच्या घरात गेलेलं असतं. कॅनडातल्या गुएल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये भोपळ्यावरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. लागवडीच्या वेळी मातीत इमिडाक्लोप्रिड दिलं तिथे मातीतल्या माशांची बिळं ८५ टक्क्यांनी कमी झाली. जुन्या सवयीने कोणी अजून थायमेटचं नाव घेत असेल, तर त्यातल्या फोरेटवर २०२० अखेरपासून बंदी आहे. वाफ्याच्या भोवती दहा फुटांत आळवणी नाही, वाफ्यावर तणनाशक नाही, एवढा नियम करा. तणनाशकाने जमीन उघडी राहते म्हणून ते सोयीचं वाटतं. खुरप्याचे ५०० रुपये त्यासाठीच धरले आहेत.

सरकारकडून काही मिळतं का? राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मध केंद्र योजनेत ५० टक्के अनुदान आहे, पण ते पेट्यांना. तुमचं बीजोत्पादन एकरांत असेल तर पेट्याही ठेवाव्यात असं माझं मत आहे. वाफा पेटीची जागा घेत नाही, पेटी जिथे कंटाळते तिथे हात देतो. पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, पेटीचं प्रशिक्षण तिथे मिळतं.

असे वाफे मुद्दाम राखून कोणी पीक घेतं का, अशी शंका येईल. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या टचेट खोऱ्यात लसूणघासाचं बी पिकवणारे शेतकरी गेली कित्येक दशकं एकरांच्या मापाने मोकळी जमीन फक्त एका जातीच्या मातीतल्या माशीसाठी ठेवतात. खालून पाणी देऊन ओल राखतात, वर मीठ पसरतात म्हणजे पृष्ठभाग कडक होतो आणि तण येत नाही. ते मीठ आपल्याकडे करू नका. ती माशी क्षारपड जमिनीतली आहे, आपल्या नाही. बागायतीत मीठ टाकलं तर माशी येणार नाही आणि जमीन जाईल.

मोशी-चिखलीच्या सोसायट्यांतून विचारणा होते, की आमच्याकडे शेत नाही, कुंडीत जमेल का? नाही. पण सोसायटीच्या बागेत एखाद्या कोपऱ्यावर पेव्हिंग ब्लॉक बसवायचे राहिले असतील तर ते राहू द्या; इथे तुमचे उलट पैसे वाचतात. एमआयडीसीतल्या कारखान्यांनाही हेच. हिरवळीच्या गालिच्याला पाणी, माळी आणि खत लागतं. फाटकाशेजारचा मुरमाचा उतार तसाच ठेवायला काही लागत नाही, फक्त पाहणीला येणाऱ्या साहेबांना तो अर्धवट राहिलेलं काम वाटतो. एक पाटी लावा, दोनशे रुपयांत होते.

वेळापत्रक सोपं आहे. वाफा मे महिन्यात बांधा, मजूर आणि ट्रॉली दोन्ही मोकळ्या असतात. पावसात तो बसू द्या. दसरा-दिवाळीच्या मधे तण काढा, आणि गोट लावाल तेव्हा वाफ्यापासूनचं अंतर पावलांनी मोजा. पहिल्या वर्षी कदाचित एकही भोक दिसणार नाही. दुसऱ्या वर्षी पाच-सात दिसतील. त्या आधी वाफा मोडून तिथे मिरची लावायची घाई घरातलं कोणीतरी करणारच. त्यांना ११५ रुपयांचा हिशेब दाखवा.

भोकं मोजायला आइस्क्रीमच्या काड्या चांगल्या. प्रत्येक भोकाशेजारी एक रोवायची, पुढच्या वर्षी पुन्हा मोजायची. आमच्या वाफ्यावर तिसऱ्या माघात चौदा काड्या लागल्या. त्याच दिवशी संध्याकाळी कारळ्याच्या वाळक्या काडीवर सहा नर माश्या एकाखाली एक झोपलेल्या दिसल्या, जबड्यांनी काडी घट्ट धरून, पाय अधांतरी. नराला नांगी नसते, म्हणून काडी हळूच वाकवून मुलांना दाखवली. एकही जागा झाला नाही.